गल्लीची पेटी: दंगलीच्या दिवशी काय कामाचं, काय नुसतं शोभेचं

‘इमर्जन्सी किट’ म्हणून बाजारात आणि ऑनलाइन जी लाल पिशवी मिळते, ती उघडली की साधारण हेच निघतं: शिट्टी, छोटी टॉर्च, चंदेरी ब्लँकेट, पट्ट्यांचं एक बंडल, नायलॉनची दोरी आणि बोथट कात्री. भूकंपात किंवा ट्रेकला ठीक आहे. पण मिरवणुकीच्या आडून कट्टर टोळकं परधर्मीयांच्या वस्तीसमोर येऊन उभं राहिलं, किंवा तोंडाला रुमाल बांधलेली पंचवीस पोरं लाऱ्या, म्हणजे हातगाड्या, उलथत नाक्यावरून आत शिरली, तर त्यातलं काहीही उपयोगी पडत नाही. म्हणून गल्लीने पेटी स्वतःच भरावी. खाली एकेका वस्तूचा हिशेब आहे. कसोट्या दोनच लावल्या आहेत: पहिल्या वीस मिनिटांत ही वस्तू काय करते, आणि तीन वर्षांनी कोर्टात काय करते.

सुरुवात आगीपासून. बडोद्यात मांडवीच्या चारही बाजूंना, लहरीपुरा ते पाणीगेट आणि चांपानेर ते गेंडीगेट, जुन्या पोळांची, म्हणजे अरुंद गल्ल्यांची, रुंदी अशी आहे की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला ओटल्याला टेकवावी लागते. दांडिया बाजारचं अग्निशमन केंद्र अंतराने जवळ असलं तरी बंब नाक्यापाशीच थांबतो आणि पुढे पाइप ओढत न्यावा लागतो. तोवरची आग गल्लीने सांभाळायची.

एबीसी पावडरचा अग्निशामक, सहा किलो. पाचपैकी साडेचार. सिलिंडरवर आयएस 15683 आणि आयएसआयचा शिक्का हवा. पावडरीवर एमएपी 50 किंवा एमएपी 90 लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात मोनोअमोनियम फॉस्फेट किती टक्के आहे ते. 50 स्वस्त पडतं, पण घ्यावं 90. चार किलोचा सिलिंडर वयस्कर माणसालाही पेलतो, मात्र त्याची पावडर फार लवकर संपते. सहा किलोचा भरलेला सिलिंडर नऊ-दहा किलोंचा होतो आणि तोही जेमतेम पंधरा-वीस सेकंद चालतो. म्हणून एकच मोठा आणून देवळात टांगण्यापेक्षा दोन घ्यावेत आणि गल्लीच्या दोन टोकांना ठेवावेत.

पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, दाबा, झाडू मारल्यासारखी डावी-उजवीकडे फिरवा. अंतर दोन-तीन मीटर, वारा पाठीशी. चूक नेमकी इथे होते: घाबरलेला माणूस ज्वाळेच्या शेंड्यावर मारतो, पावडर उडून जाते आणि बुडातलं पेट्रोल जळतच राहतं. दुसरी चूक टायरची. पावडरीने ज्वाळा विझते, पण रबर आतून तापलेलंच असतं आणि थोड्या वेळाने पुन्हा पेट घेतं. त्यामुळे पावडरीनंतर टायरवर पाणी ओतायचं. मीटरच्या पेटीवर मात्र पाणी चुकूनही नाही. तिथे आधी मेन स्विच, मग पावडर. सीएनजीच्या रिक्षाने पेट घेतला असेल तर अग्निशामक खाली ठेवून माणसं मागे घ्यावीत.

ओळीने लावलेल्या दुचाक्यांपैकी एक पेटली की सगळे तिच्याच मागे लागतात. ती गेलेली असते. दोघांनी शेजारच्या गाडीचं मागचं चाक उचलून ती फरफटत बाजूला घ्यायची, कारण हँडल लॉक असतं आणि किल्ली कोणाकडे आहे हे त्या घटकेला कळत नाही. आणि टोळकं समोर असताना अग्निशामक घेऊन पुढे जायचंच नाही. लांबून तो लोखंडी नळकांड्यासारखा दिसतो, दगड त्याच माणसावर येतात. टोळकं पुढे सरकल्यावर बाहेर काढावा.

एकदा थोडासा जरी दाबला तरी सिलिंडर भरायला पाठवा. व्हॉल्व्हमध्ये पावडरीचा कण अडकतो, गॅस झिरपत राहतो आणि महिन्याभरात काटा हिरव्यातून लालमध्ये जातो. न वापरलेला सिलिंडरही महिन्यातून एकदा उलटा करून हलवावा, नाहीतर पावडर तळाशी घट्ट बसते. साडेचारच गुण दिले, कारण हे कोणी करत नाही.

हातातला भोंगा, म्हणजे मेगाफोन. पाचपैकी चार. खोक्यावर ‘एक किलोमीटर रेंज’ छापलेलं असतं ते मोकळ्या मैदानाचं. पोळात भिंतींवरून आवाज परततो आणि वीस पावलांवरही शब्द फाटतात. पंचवीस वॉट पुरे होतात, त्यापेक्षा मोठा घेतला तर नुसता गोंगाट वाढतो. चार्जिंगच्या बॅटरीचा घेऊ नये. सहा महिने कपाटात पडला की नेमका त्या दिवशी मेलेला असतो. मोठ्या सेलवर चालणारा घ्यावा आणि सेल बाहेर काढून त्याच पिशवीत ठेवावेत, आत राहिले तर गळून स्प्रिंग खातात. बऱ्याच मॉडेलांवर सायरनचं बटण बोलायच्या बटणाला लागूनच असतं. गडबडीत ते दाबलं गेलं की शांत उभी असलेली माणसंसुद्धा पळू लागतात. त्यावर जाड चिकटपट्टी लावून टाका.

भोंग्यावर बोलायचं तीन वाक्यं, त्याहून जास्त नाही, आणि बोलणारा माणूस गल्लीने आधीच ठरवलेला असावा. “मावशी, बेन, काकी, पोरांना आत घ्या, दारं लावा. नाक्यावर कोणी जाऊ नका. पोलिसांना फोन झालाय.” हेच पुन्हा गुजरातीत आणि हिंदीत. अफवा खोडण्यासाठीसुद्धा ती भोंग्यावर उच्चारायची नाही. “देवळावर दगड पडले हे खोटं आहे” या वाक्यातलं “देवळावर दगड पडले” एवढंच वरच्या माळ्यापर्यंत पोहोचतं. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार भोंग्याला परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 बंदी असते; सवलत सार्वजनिक आणीबाणीपुरती. तेव्हा सरावाच्या नावाखाली रोज वाजवू नये.

हेल्मेट, काठ्या, गस्तीचे बिल्ले. शून्य. पोलीस आयुक्तांचा जाहेरनामा, म्हणजे मनाई हुकूम, गुजरात पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली निघतो, सणासुदीला हमखास, आणि त्यात काठ्याही येतात. मोडला तर कलम 135. कायदा बाजूला ठेवला तरी रात्री काठ्या घेऊन उभी राहिलेली आपली पोरं पलीकडच्या गल्लीतून हुबेहूब टोळक्यासारखीच दिसतात, मग तिकडूनही काठ्या निघतात. हेल्मेटने चेहरा झाकला जातो आणि उपयोग असतो तो नेमका ओळखीच्या चेहऱ्याचा. पोरं आपल्याच शाळेतल्या मास्तरांसमोर दगड उचलायला कचरतात, अनोळखी माणसासमोर नाही.

इथे 1 जुलै 1946 चं अहमदाबाद आठवतं. वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी दंगलीत जमावासमोर नि:शस्त्र उभे राहिले आणि दोघेही मारले गेले. गुजरातेत वसंत-रजब हे नाव आदराने घेतलं जातं आणि घेतलंच पाहिजे. पण दोघांनी जमावासमोर जाणं ही पद्धत म्हणून कोणाला शिकवू नये. चारजण हवेत: एक बोलतो, एक फोन लावतो, एक चित्रण करतो, एक म्हातारी माणसं आणि मुलं मागच्या दाराने काढतो. चौघांपैकी कोणी आपलं काम सोडून बोलणाऱ्याच्या मदतीला धावला की त्याचं काम बंद पडतं.

फोनची यादी. पाचपैकी पाच, किंमत एका झेरॉक्सची. यात मेख आहे. गुजरातच्या 1991 च्या अशांत धाऱ्यामुळे, म्हणजे अशांत भागांतल्या घरविक्रीच्या कायद्यामुळे, जाहीर केलेल्या भागात कलेक्टरांच्या परवानगीशिवाय घर विकता येत नाही, आणि एकाच गल्लीत दोन धर्मांची घरं आता विरळ झाली आहेत. त्यामुळे आपल्याच गल्लीची यादी म्हणजे आरशात पाहणं. यादी रस्त्याच्या पलीकडची हवी. पलीकडचे किमान चारजण, त्यातल्या दोन बायका, एक रात्रपाळीवाला, एक दुकानदार जो सकाळी सर्वात आधी शटर उघडतो. नंबर कागदावर असावेत, कारण इंटरनेट बंद झालं तरी साधा कॉल बहुतेक वेळा लागतो.

भिवंडीचा दाखला याच कारणासाठी देतात. 1970 आणि 1984 च्या भीषण दंगलींनंतर डीसीपी सुरेश खोपडे यांनी 1988 पासून तिथे मोहल्ला समित्या बांधल्या आणि 1992-93 मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. त्या समित्यांमध्ये दोन्हीकडची साधी माणसं नियमित भेटत होती, गटारं आणि नळ यांच्या तक्रारी घेऊनसुद्धा. फक्त दंगलीच्या आदल्या दिवशी बोलावलेली शांतता समिती म्हणजे चहा आणि फोटो.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पाचपैकी दोन. दोन मिळाले तेही फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग केलं तर. खुल्या ग्रुपमध्ये अफवा आत येते ती याच दारातून. ब्रिटनमध्ये जुलै 2024 मध्ये साउथपोर्टच्या हत्यांनंतर संशयिताचं एक खोटंच नाव फिरलं, दुसऱ्याच दिवशी तिथल्या मशिदीवर हल्ला झाला आणि कट्टर उजव्यांची दंगल शहराशहरांत पसरली. मशिदीची भिंत मात्र दुसऱ्या सकाळी गावातल्याच गवंड्यांनी येऊन बांधून दिली, आणि 7 ऑगस्टला पुन्हा हल्ल्यांची हाक फिरली तेव्हा लंडनच्या वॉल्थमस्टोमध्ये हजारो लोक आधीच रस्त्यावर उभे होते. आपल्याकडे एवढी माणसं उतरवणं परवानगीशिवाय शक्य नाही, पण भिंत बांधायला जाहेरनामा आडवा येत नाही. अफवेसाठी एक वही ठेवा: काय ऐकलं, किती वाजता, कोणाकडून, आणि त्या जागी उभ्या असलेल्या दोघांनी काय सांगितलं. दोघांशी बोलणं झाल्याशिवाय ग्रुपवर काही टाकायचं नाही.

कॅमेरे आणि डीव्हीआर, म्हणजे त्यांचं चित्रण साठवणारी पेटी. पाचपैकी तीन, नीट सांभाळले तर पाच. पैसा सगळ्यात जास्त इथेच जातो आणि वायाही इथेच. बिघाडांचा क्रम ठरलेला आहे. पहिला, डीव्हीआरचं घड्याळ: आतली बटणाएवढी बॅटरी संपली की लाइट गेल्यावर तारीख मागे जाते आणि मग आरोपीचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. महिन्याला एकदा मोबाइलच्या वेळेशी ताडून पाहा, फरक असेल तर वहीत लिहा. दुसरा, जुनं चित्रण पुसलं जाणं: चार कॅमेरे आणि एक टीबीची डिस्क असेल तर साधारण दोन-तीन आठवड्यांत जुन्यावर नवं चढतं, आणि तपासाचा माणूस कधीकधी महिन्याने येतो. तिसरा, रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात नंबरप्लेट पांढरीफटक दिसते. नाक्यावरच्या एका कॅमेऱ्यापाशी साधा दिवा लावला की हे सुटतं. चौथा, टोळकं आधी वायर तोडतं. म्हणून एक कॅमेरा दुसऱ्या मजल्यावर असावा आणि डीव्हीआर दुकानाच्या गल्ल्यापाशी नको.

घटनेनंतर त्याच रात्री चित्रणाच्या दोन प्रती काढा, वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर. प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइल बदलली की बदलणारा तिचा अंकी ठसा, एसएचए-256 पद्धतीने काढून वहीत उतरवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं: भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. हॅश त्यातच लिहायचा असतो. हे कागद नंतर जमवू असं म्हणणाऱ्यांनी जालन्याचा निवडणूक खटला, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, आठवावा. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने तिथेच पक्कं केलं की मूळ उपकरण कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र लागणारच. तेव्हा कायद्याचं कलम जुनं होतं, दंडक तोच आहे. पोलिसांनी डीव्हीआर नेला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा, त्यावर सिरीयल नंबर आहे का ते तिथेच पाहा.

मोबाइलवर चित्रण करताना फोन आडवा धरावा, सुरुवात दुकानाच्या पाटीपासून करावी, एका जागी दहा सेकंद स्थिर राहावं, तोंडाने काही बोलू नये. लाइव्ह कधीच नाही, मार खाणाऱ्याचा पत्ताच सगळ्यांना कळतो. पाठवायचं झालं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप ते दाबून लहान करतं आणि आतली वेळ-जागेची माहिती निघून जाते.

पट्ट्यांची पिशवी. पाचपैकी चार. तयार किटमधली बोटभर पट्टी डोक्याच्या जखमेला काय पुरणार? दहा आणि पंधरा सेंटिमीटरचे रोलर बँडेज सहा-सहा, जाड गॉज, त्रिकोणी पट्ट्या चार, हातमोजे, आणि 500 मिलीच्या नॉर्मल सलाइनच्या चार बाटल्या. अश्रुधुराचा डोळा याच सलाइनने आतून बाहेरच्या कोपऱ्याकडे धुवावा. चोळू नये, तेलकट क्रीम लावू नये, कपडे बदलावेत, कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढाव्यात. भाजलेल्या जागी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. बर्फ, हळद, टूथपेस्ट यांतलं काही नको. डोक्याला दगड लागला की दाब द्यावा, पण हाड आत गेल्यासारखं वाटलं तर दाबू नये, नुसतं झाकावं. ओकाऱ्या किंवा गुंगी आली तर 108.

सयाजी हॉस्पिटल असो की खाजगी, जखमीसोबत जाणाऱ्याचं खरं काम केसपेपर लिहिताना सुरू होतं. मेडिको-लीगल केस, एमएलसी, नोंदवायला सांगा. ‘कसं लागलं’ या रकान्यात घाबरलेला माणूस “पडलो” म्हणतो, कारण त्याला फक्त टाके घालून घरी जायचं असतं. तो एक शब्द पुढे सगळा खटला मोडतो. त्याच्याच शब्दांत जागा, वेळ आणि किती जण होते हे लिहिलं गेलं पाहिजे. तातडीचे उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे सुप्रीम कोर्टाने 1989 च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितलेलं आहे. काउंटरवर कोणी अडवलं तर हे नाव घ्यायला हरकत नाही.

लॅमिनेट केलेलं कार्ड. पाचपैकी पाच, आणि पेटीतली सगळ्यात स्वस्त वस्तू. पुढच्या बाजूला 112, 101, 108 आणि मोफत कायदेशीर मदतीचा 15100. मागच्या बाजूला फिर्यादीचं एवढंच: घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होते, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173. प्रत मोफत मिळते. नाकारलं तर 173(4) खाली वरिष्ठांना लेखी, त्यानंतर 175(3) खाली मॅजिस्ट्रेट. तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण त्यासाठी डीएसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. “चौदा दिवसांनी या” असं तोंडी सांगितलं तर परवानगीची तारीख विचारा. पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात किंवा समुदाय, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला तर बीएनएस (भारतीय न्याय संहिता) 103(2), गंभीर दुखापत केली तर 117(4). ही कलमं ठाण्यात आपोआप लागत नाहीत. जमाव किती होता आणि मारताना काय बोलत होता हे फिर्यादीत असेल तरच लागतात. दंगलीत होरपळलेल्यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली वकील मोफत मिळू शकतो, आणि नुकसानभरपाईसाठी बीएनएसएस 396 आहे.

कागदाचा एवढा आग्रह बडोद्यात तरी कोणाला समजावून सांगावा लागू नये. 1 मार्च 2002 ला हनुमान टेकडीवर बेस्ट बेकरीत 14 माणसं मेली. जून 2003 मध्ये इथल्याच कोर्टातून 21 च्या 21 आरोपी सुटले, कारण साक्षीदार फिरले. एप्रिल 2004 मध्ये सुप्रीम कोर्टाने खटला महाराष्ट्रात नव्याने चालवायला लावला, 2006 मध्ये मुंबईत नऊ जणांना जन्मठेप झाली आणि 2012 मध्ये हायकोर्टाने त्यातल्या चौघांचीच कायम ठेवली. साक्षीदार संरक्षण योजना 2018 साली आली. अर्ज जिल्ह्याच्या समितीकडे करायचा, एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं संरक्षण मिळतं आणि पुढे वाढवून घ्यावं लागतं. ही मुदतवाढ बहुतेकांच्या डोक्यातून निघून जाते. कार्डावर त्यासाठी तारखेचा रकाना छापून घ्या.

विमा. पेटीत बसत नाही, पण पॉलिसीची झेरॉक्स बसते. एप्रिल 2021 पासूनच्या भारत गृह रक्षा आणि भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या दोन्ही पॉलिसींमध्ये दंगल, संप आणि खोडसाळ नुकसान धरलेलं आहे. गाडीचं वेगळं: नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर जाळलेल्या स्कूटरचे काहीही मिळत नाही. लारीवाल्यांकडे बहुधा विमा नसतोच. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा लारीचा, मालाचा आणि वजनकाट्याचा फोटो काढून तो दुसऱ्याच्या फोनवर ठेवणं एवढंच हातात आहे. पंचनाम्यात ‘एक लारी, किरकोळ सामान’ असं लिहिलं जातं तेव्हा तोच फोटो पुढे करता येतो.

पेटी पत्र्याची घ्यावी, कुलूप साधं. किल्ल्या दोन, एक गल्लीत आणि एक रस्त्यापलीकडे, फोनच्या यादीत पहिलं नाव आहे त्या घरात. गणेश चतुर्थीच्या आधीच्या रविवारी आणि रामनवमीच्या आधीच्या रविवारी दोन्ही किल्ल्यावाले एकत्र येऊन पेटी उघडतात: सिलिंडर उलटा करून हलवायचा, भोंग्यात सेल घालून एकदा “हॅलो” म्हणायचं, सलाइनच्या बाटल्यांची तारीख पाहायची, डीव्हीआरचं घड्याळ लावायचं, बंद पडलेले नंबर खोडायचे. अर्धा तास लागतो.